फोटोशॉपमध्ये पांढरा पिवळट का दिसतो? मॉनिटर प्रोफाइलचा घोळ शोधावा कसा, सोडवावा कसा

फोटोशॉपमध्ये नवरदेवाचा पांढरा सदरा पिवळट दिसतोय आणि तीच फाइल पेंटमध्ये उघडली की सदरा पांढराशुभ्र, असं असेल तर व्हाइट बॅलन्सच्या स्लायडरला हात लावू नका. फाइलमधले रंगांचे आकडे बहुधा बरोबर आहेत. चुकलंय ते मॉनिटरचं प्रोफाइल. अशा स्क्रीनवर 'दुरुस्त' केलेली फाइल लॅबमधून छापून आली की निळी पडलेली असते, आणि मग अख्खा अल्बम पुन्हा करावा लागतो.

आधी एवढं समजून घ्या

मॉनिटर प्रोफाइल म्हणजे त्या स्क्रीनच्या रंगांचं वर्णन असलेली छोटीशी फाइल. १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम) या संस्थेने तिचा साचा ठरवला, म्हणून तिच्या नावाला आयसीसी किंवा आयसीएम असं शेपूट असतं. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप यांसारखी सॉफ्टवेअर फोटोतला रंग स्क्रीनकडे पाठवण्याआधी या वर्णनाप्रमाणे आकडे बदलतात. पेंट असल्या भानगडीत पडत नाही, आकडे आहेत तसे पुढे ढकलतो. आता प्रोफाइलमध्ये 'हा मॉनिटर निळसर आहे' असं लिहिलेलं असेल आणि मॉनिटर प्रत्यक्षात तसा नसेल, तर सॉफ्टवेअर नसलेला निळेपणा मारायला जातं आणि चित्र पिवळं पडतं.

उपकरण लावून कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बनवलेल्या प्रोफाइलमध्ये आणखी एक भाग असतो, तो म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे कर्व्ह, लाल-हिरवा-निळा किती वर-खाली करायचा ते सांगणारे. लॉगिन होताना ते कार्डात भरले जातात आणि पेंट, डेस्कटॉप, ब्राउझर अशा सगळ्यांवर लागू होतात. पुढची शोधाशोध याच फरकावर उभी आहे. बिघाड फक्त फोटोशॉप-लाइटरूममध्ये दिसत असेल तर वर्णन चुकलंय. स्क्रीनभर सगळीकडे दिसत असेल तर कर्व्ह, मॉनिटरची सेटिंग किंवा डोळ्यांना आराम देणारा एखादा मोड.

पायरी १ : बाकीचे संशयित बाजूला काढा

विंडोजमधला 'नाइट लाइट' बंद करा. मॅकवर 'नाइट शिफ्ट' आणि 'ट्रू टोन' दोन्ही. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आय सेव्हर, गेम मोड असलं काही चालू असेल तर तेही बंद. लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी चित्र पाहून प्रकाश कमी-जास्त करणारी सोय असते, ती काढा. नाहीतर गडद फोटो उघडला की स्क्रीन आपोआप बदलते आणि आपण प्रोफाइलला शिव्या देत बसतो. विंडोजमधलं एचडीआर तपासताना बंद ठेवा.

एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी आणि सगळंच धुतल्यासारखं दिसत असेल, तर बहुतेक वेळा कार्ड ० ते २५५ ऐवजी टीव्हीसाठीची १६ ते २३५ ही रेंज पाठवत असतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' असते, ती 'फुल' करा. याचा प्रोफाइलशी काही संबंध नाही.

पायरी २ : पांढऱ्याची आणि राखाडीची चाचणी

चाचणीसाठी हळदीचा फोटो घेऊ नका. जिथे भिंत, कपडे, चेहरे सगळंच पिवळं, तिथे पिवळी झाक ओळखायची कशी? फोटोशॉपमध्ये नवी फाइल घ्या : आरजीबी, ८ बिट, प्रोफाइल एसआरजीबी (साध्या स्क्रीन आणि वेबसाठी ठरलेलं सर्वसाधारण रंगक्षेत्र). अर्ध्या भागात २५५-२५५-२५५ म्हणजे शुद्ध पांढरा भरा, अर्ध्यात १२८-१२८-१२८ राखाडी. शेजारी पेंटची कोरी खिडकी उघडी ठेवा. दोन्हीकडचा पांढरा सारखाच दिसायला हवा.

दिसत नसेल तर फोटोशॉपच्या 'व्ह्यू' मेनूत 'प्रूफ सेटअप'मध्ये 'मॉनिटर आरजीबी' निवडा. मग कंट्रोल आणि वाय दाबून प्रूफ, म्हणजे निवडलेल्या प्रोफाइलप्रमाणे दिसणारी झलक, चालू-बंद करत पाहा. प्रूफ चालू असताना फोटोशॉप मॉनिटर प्रोफाइलचं गणित करत नाही, आकडे सरळ पाठवतं. त्या क्षणी पिवळेपणा गेला तर दोषी प्रोफाइलच.

डोळ्यांवर विश्वास नसेल (आणि तो नसलेलाच बरा, डोळे पाच मिनिटांत कुठल्याही झाकेला सरावतात), तर विंडोजवर याहून पक्की चाचणी आहे. प्रूफ बंद करा, प्रिंट स्क्रीन दाबा आणि ते चित्र पेंटमध्ये चिकटवा. पेंटच्या ड्रॉपरने पांढरा भाग उचला आणि 'एडिट कलर्स'मध्ये आकडे वाचा. स्क्रीनशॉटमध्ये प्रोफाइलचं गणित झाल्यानंतरचे आकडे येतात. ग्राफिक्स कार्डाचे कर्व्ह त्यात येत नाहीत, आणि आपल्याला नेमकं हेच हवं असतं. तिन्ही आकडे २५५ असतील तर प्रोफाइलचा पांढरा ठीक आहे. २५५-२५०-२३२ असं काही आलं, तर प्रोफाइलच निळा कापतंय आणि त्याचा लेखी पुरावा तुमच्या हातात आहे. राखाडी पट्ट्यात आकडे १२८ च राहतील असं नाही, पण तिन्ही एकमेकांच्या जवळ असावेत. मॅकवर ही युक्ती चालत नाही, तिथे स्क्रीनशॉटला मॉनिटरचंच प्रोफाइल जोडलं जातं.

पायरी ३ : तात्पुरतं एसआरजीबी लावून पाहा

फोटोशॉप आणि लाइटरूम बंद करा. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधून उघडा. 'डिव्हाइसेस' टॅबवर वरच्या यादीतून आपला मॉनिटर निवडा. दोन मॉनिटर असतील तर 'आयडेंटिफाय मॉनिटर्स' दाबा, म्हणजे स्क्रीनवर क्रमांक उमटतील. 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'समोर टिक करा. आता खाली जे प्रोफाइल 'डिफॉल्ट' म्हणून दिसतंय त्याचं नाव लिहून ठेवा. मग 'अ‍ॅड' दाबून यादीतून 'एसआरजीबी आयईसी ६१९६६-२.१' घ्या आणि 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट प्रोफाइल' करा. जुनं प्रोफाइल उडवू नका, नुसतं बाजूला राहू द्या. फोटोशॉप पुन्हा सुरू करून पायरी २ ची चाचणी परत करा. सॉफ्टवेअर न बंद करता प्रोफाइल बदललं आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणून भलतीकडे शोध सुरू झाला, असं फार होतं.

झाक गेली? मग साध्या ऑफिसच्या मॉनिटरवर किंवा साधारण लॅपटॉपवर हीच व्यवस्था उपकरण हाती येईपर्यंत चालेल. पण मॉनिटर वाइड गॅमट असेल, म्हणजे पी३ किंवा अ‍ॅडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या रंगक्षेत्रांएवढे रंग दाखवणारा, तर एसआरजीबी ही फक्त चाचणी. तसंच ठेवलंत तर पैठणीचा जांभळा आणि कुंकवाचा लाल फोटोशॉपमध्येही भडक दिसेल, तुम्ही सॅच्युरेशन खाली आणाल आणि इतरांच्या फोनवर फोटो मेलेला दिसेल. अशा मॉनिटरच्या मेनूत 'एसआरजीबी' मोड असतो. तो चालू करून मगच एसआरजीबी प्रोफाइल लावा. किंवा मॉनिटर मूळ मोडवर ठेवून कंपनीच्या संकेतस्थळावरचं त्याच मॉडेलचं प्रोफाइल घ्या. वाइड गॅमट मॉनिटरवर बरोबर प्रोफाइल असूनही पेंट किंवा वॉलपेपर भडक दिसणारच, तो बिघाड नाही.

चुकीचं प्रोफाइल येतं कुठून

सगळ्यात जास्त वेळा विंडोज अपडेटमधून. मॉनिटरचा ड्रायव्हर गुपचूप बसतो, सोबत कंपनीचं प्रोफाइल येतं आणि तेच डिफॉल्ट होऊन बसतं. काल ठीक होतं आणि आज सकाळी पिवळं, असं झालं तर आधी हेच पाहा. दुसरं कारण म्हणजे मॉनिटर बदलला पण प्रोफाइल जुन्याचंच राहिलं. तिसरं, कॅलिब्रेशन झाल्यावर कुणीतरी मॉनिटरची बटणं फिरवली. इंटरनेटवरून उतरवलेलं दुसऱ्या कुणाचं प्रोफाइल हेही त्याच माळेतलं. मॉडेल एक असलं तरी प्रत्येक पॅनल थोडं वेगळं निघतं आणि वयाप्रमाणे बदलतं.

सदोष प्रोफाइल आतून कसं दिसतं तेही पाहण्यासारखं आहे. त्यात लाल, हिरवा आणि निळा या मूळ रंगांचे तीन-तीन आकडे असतात. तिघांच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या आकड्यांची वेगवेगळी बेरीज ठरलेल्या पांढऱ्याइतकी, म्हणजे सुमारे ०.९६४, १.०००, ०.८२५ यायला हवी. एसआरजीबीच्या प्रोफाइलमध्ये मधले आकडे ०.२२२५, ०.७१६९ आणि ०.०६०६ आहेत, बेरीज करा, बरोबर १. ज्या प्रोफाइलमध्ये ही बेरीज जुळत नाही, त्यात पांढऱ्यालाच रंग चढतो. मॅकवरच्या 'कलरसिंक युटिलिटी'त हे आकडे उघडून पाहता येतात, आणि तिथल्या 'प्रोफाइल फर्स्ट एड'मधून मोडकी प्रोफाइल तपासताही येतात. मॉनिटर प्रोफाइल सदोष असल्याचा इशारा फोटोशॉप सुरू होतानाच देत असेल, तर 'यूज एनीवे' दाबून पुढे जाऊ नका.

लाइटरूममध्ये या दोषाचं रूप थोडं निराळं असतं. 'लायब्ररी'तले प्रिव्ह्यू अ‍ॅडोबी आरजीबीत साठवलेले असतात, तर 'डेव्हलप'मधलं काम प्रोफोटो नावाच्या रंगक्षेत्राएवढ्या मोठ्या रंगक्षेत्रात चालतं. दोन्ही वाटा शेवटी मॉनिटर प्रोफाइलमधूनच जातात, पण मोडक्या प्रोफाइलमुळे दोन्हीकडे वेगवेगळं चित्र दिसू शकतं. एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात गेल्यावर चेहऱ्याचा रंग बदलत असेल तर पायरी ३ करा.

पायरी ४ : स्वतःचं प्रोफाइल बनवा

पैसे घेऊन काम करत असाल तर याला पर्याय नाही. डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं डिस्प्ले मालिकेतलं उपकरण घ्या. नेहमी लागत नसेल तर दोघा-तिघांत मिळून घेतलं तरी चालतं. मॉनिटर निदान अर्धा तास चालू असू द्या. त्याची रंगाची सेटिंग फॅक्टरी रीसेट करा, खिडकीचा पडदा ओढा, स्क्रीन किंचित मागे कलवा म्हणजे सेन्सर सपाट टेकेल. लक्ष्य ठेवा : पांढरा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) २.२, उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर.

बॅकलाइटचा प्रकार विचारला जातो तिथे अंदाजपंचे उत्तर देऊ नका. साध्या पांढऱ्या एलईडीचा मॉनिटर आणि वाइड गॅमट एलईडीचा मॉनिटर यांना वेगळी दुरुस्ती लागते. चुकीची निवडलीत तर नव्याकोऱ्या प्रोफाइलमध्येही हिरवी किंवा गुलाबी झाक येते आणि दोष उपकरणाच्या माथी जातो. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल किंवा उपकरणाचं स्वतःचं, प्रोफाइल मॅट्रिक्स (वर पाहिलेल्या तीन-तीन आकड्यांच्या) प्रकारचं आणि आवृत्ती २ चं ठेवा. टेबल (रंगांच्या मोठ्या तक्त्याच्या) प्रकारचं किंवा आवृत्ती ४ चं प्रोफाइल कागदावर अधिक अचूक असतं, पण काही सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात, आणि नेमकी तीच तक्रार घेऊन आपण इथवर आलो. नावात तारीख घाला. त्यानंतर मॉनिटरच्या बटणांना कुणी हात लावायचा नाही.

संगणक झोपेतून उठल्यावर किंवा एखादा गेम खेळल्यावर अख्ख्या स्क्रीनचा रंग बदलला, तर कार्डातले कर्व्ह पुसले गेलेत. कॅलिब्रेशनसोबत आलेला लोडर पुन्हा चालवा, प्रोफाइल नव्याने करायची गरज नाही.

पायरी ५ : फोटोशॉपची कलर सेटिंग

कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबा. 'वर्किंग स्पेसेस'मध्ये आरजीबीसमोर एसआरजीबी ठेवा. इथे मॉनिटरचं प्रोफाइल निवडणं ही फार पसरलेली चूक आहे. 'माझी स्क्रीन अशी, मग इथेही तेच' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मग प्रोफाइलचं गणितच बाद होतं आणि फाइल तुमच्या एका मॉनिटरला बांधली जाते. 'पॉलिसीज'मध्ये 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' असू द्या. फाइल दुसऱ्या रंगक्षेत्रात न्यायची असेल तर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. 'असाइन प्रोफाइल' आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, म्हणून रंग उडी मारतात. ते फक्त प्रोफाइल नसलेल्या फाइलला तिचं खरं प्रोफाइल लावण्यासाठी. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये फोटो फिका पडत असेल तर एक्सपोर्ट करताना 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी' आणि 'एम्बेड कलर प्रोफाइल' या दोन्हींवर टिक आहे का ते बघा.

गिंपमध्ये 'प्रेफरन्सेस'मधल्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये सिस्टिमचं मॉनिटर प्रोफाइल वापरण्याची टिक असते. तिथे हाताने जुनं प्रोफाइल निवडलेलं राहिलं असेल, तर विंडोजमध्ये कितीही बदला, गिंप ऐकणार नाही.

दोन स्क्रीन आणि विंडोज ११

दोन मॉनिटर असतील तर प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं लावा आणि डेस्कटॉप 'एक्स्टेंड' ठेवा. 'डुप्लिकेट'मध्ये एकच चित्र दोन्हीकडे जातं, मग एका तरी स्क्रीनवर रंग चुकणार. विंडोज ११ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'खाली अ‍ॅप्सचे रंग आपोआप सांभाळण्याची सोय काही मॉनिटरवर दिसते. ती चालू असताना जुन्या पद्धतीने रंग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला मॉनिटर एसआरजीबीच आहे असं सांगितलं जातं. फोटोशॉपमध्ये वाइड गॅमट रंग दिसेनासे झाले तर ती बंद करून पाहा. किंवा त्या प्रोग्रामच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कंपॅटिबिलिटी' टॅबवर 'लेगसी डिस्प्ले आयसीसी कलर मॅनेजमेंट'ची टिक द्या.

लॅबमधून आलेले प्रिंट रंगाला बरोबर पण अंधारे असतील, तर प्रोफाइल पुन्हा करत बसू नका. मॉनिटरचा उजेड जास्त आहे. तो १०० कँडेलाच्या आसपास आणा, त्या उजेडावर एकदा कॅलिब्रेट करा आणि तीच फाइल उघडून पाहा.