पावसाळी ट्रेकमध्ये ओढा ओलांडताना

घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली उघडीप असली तरी ओढा फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर थांबा. पाऊस ओसरल्यावर सह्याद्रीतले बहुतेक छोटे ओढे काही तासांत उतरतात. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नका, मग मुक्काम वाढला तरी चालेल.

जागा रुंद, उथळ निवडा. खालच्या अंगाला धबधबा नको. बूट काढू नका, अनवाणी पाय दगडांत ठेचकाळतो आणि तोल जातो. सॅकचा कमरेचा पट्टा आधीच सोडा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवलेली, एका वेळी एकच पाऊल. दोर कमरेला कधीही बांधू नका: पडलात तर ताणलेला दोरच पाण्याखाली दाबून धरतो.