डाळिंबात पाचटाचे आच्छादन करताय? खत देताना या चुका टाळा

डाळिंबाच्या झाडाखाली पाचट (उसाची वाळलेली पाने) अंथरले की पाणी वाचते, तण दबते, मुळांना गारवा मिळतो. आच्छादन हवेच. पण ते टाकल्यावरही खत-पाण्याचे वेळापत्रक जुनेच चालू राहते आणि मग जोमात असलेली बाग फिकी का पडली, ते कळत नाही.

सर्वांत महागात पडते ती नत्राची (नायट्रोजनची) चूक. उसाच्या पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र अगदी थोडे. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. पाचटात ते मिळाले नाही की ते मातीतून उचलतात. ही ओढाताण पाचट मातीला टेकते त्या वरच्या थरात होते, आणि झाडाची अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी बरीचशी तिथेच असते. पाचट मातीत मिसळले तर ओढाताण कितीतरी वाढते. म्हणून ते वरच राहू द्या. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या) उसात टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे संवर्धक देतात. तोच हिशोब इथे धरा, मात्र हे खत जिवाणूंचे आहे. झाडाच्या हप्त्यातून ते वजा करू नका.

झाडाचा युरिया कोरड्या पाचटावर फेकणे तर टाळाच. पाचटावर युरियाचा अमोनिया लवकर होतो आणि हवेत उडून जातो. ड्रीपची नळी पाचटाखाली घ्या. ती वर राहिली तर विद्राव्य खत आधी पाचट पिते, मुळ्याही ओलाव्यामागे वर येतात आणि उन्हाळ्यात पाचट वाळले की त्याच मुळ्या जळतात.

सोलापूर-सांगोल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत आणखी एक दुखणे दिसते. आच्छादनाखाली बाष्पीभवन घटते, पण पाणी पूर्वीइतकेच सोडले जाते. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था) येतच नाही, मुळांना हवा मिळत नाही, बायकार्बोनेट वाढते आणि लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही. इथे पान नीट बघा. जुनी पाने आधी सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. दुसऱ्या प्रकारात युरिया वाढवून काहीच हाती लागत नाही. पाचट बाजूला सारून चार-सहा इंच खालची माती मुठीत दाबा. बोटांना चिकटली तर पाणी थांबवा. गोळा होऊन हलक्या दाबाने फुटला तर वाफसा आहे. लोह जमिनीतून द्यायचेच तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे खत) घ्या, कारण ईडीटीए हे दुसरे चिलेट जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत टिकत नाही.

पालाशचे (पोटॅशचे) गणित उलटे आहे. पाचटातले पालाश कुजण्याची वाट न बघता पाण्याबरोबर मातीत उतरते, तेव्हा माती परीक्षण पाहूनच पोटॅशचा डोस ठरवा.

तेलकट डाग रोगाची पाने, फांद्या किंवा मर रोग लागलेल्या झाडाचे अवशेष आच्छादनात कधीच नकोत. पाचट खोडाला टेकवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. वाळवी दिसली तर लगेच बंदोबस्त करा.

आणि बहाराचा ताण देताना (फुले एकदम यावीत म्हणून पाणी तोडताना) पाचट ओढून बाजूला काढा. खाली ओल राहिली तर ताण बसत नाही, पानगळ अर्धवट होते आणि फुले पुढेमागे निघतात. छाटणी, शेणखत, बेसल डोस (सुरुवातीचे खत) आणि पहिले पाणी झाले की मगच ते परत अंथरा.