पिल्लांना पहिल्यांदा अंगणात सोडताय? या चुका टाळा

ब्रूडरमधली, म्हणजे दिव्याने ऊब दिलेल्या पेटीतली कोंबडीची पिल्लं काठावर उड्या मारायला लागली की वाटतं, किती दिवस कोंडून ठेवायची, आज जरा बाहेर सोडू. इच्छा चांगलीच आहे. माती उकरणं, किड्यामागे धावणं, उन्हात अंग टाकून लोळणं हे सगळं पिल्लू बाहेरच शिकतं. पण पहिल्या दिवशीच्या बहुतेक गडबडी एकाच कारणाने होतात: हवा कशी आहे हे आपण आपल्या अंगावरून ठरवतो. पिल्लू वीतभरसुद्धा उंच नसतं. त्याच्या उंचीवर गवत ओलं असतं, जमीन गार असते आणि वारा थेट पोटाखालून जातो.

पंख दिसले म्हणजे पिसं आली, असं धरून चालणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पंखांवरची पिसं पहिल्या आठवड्यातच फुटायला लागतात, त्यामुळे पिल्लू वयापेक्षा मोठं दिसतं. अंगावर मात्र अजून लवच असते. खात्री करायची तर पिल्लू हातात घ्या, एक पंख हळूच उचला आणि काखेत व पोटाकडे बघा. तिथे नुसती लव असेल तर त्याला बाहेरून उबेची गरज आहे. लव कोरडी असेपर्यंत ऊब धरते. भिजली की अंगाला चिकटते आणि पिल्लू झपाट्याने गारठतं. अंगभर पिसं यायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवतात. म्हणजे तीन आठवड्यांच्या पिल्लाला २९ अंशांच्या आसपासची सवय असते. अशा पिल्लांना वारा नसलेल्या, २४ अंशांच्या वरच्या कोरड्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढायला हरकत नाही. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. पिल्लं जिथे बसणार तिथेच, जमिनीलगत सावलीत ठेवून बघा.

‘कोंबडी तर आठवड्याच्या पिल्लांनाही घेऊन फिरते’ असं कोणीतरी म्हणतंच. खरं आहे, पण ती पिल्लं थोडा वेळ चरली की तिच्या पोटाखाली शिरून अंग शेकून घेतात आणि पुन्हा बाहेर पडतात. ब्रूडरमधल्या पिल्लाला तो आसरा नसतो.

माझ्या पहिल्या बॅचच्या वेळी मी हेच विसरलो होतो. सकाळचं ऊन छान पडलं होतं, म्हणून सगळी पिल्लं गवतावर सोडली. गवतावरचं दव अजून वाळलं नव्हतं. दहा मिनिटं मजेत गेली, मग चिवचिवाट बदलला. एक पिल्लू बाजूला डोळे मिटून उभं होतं, पोटाची लव ओली होऊन दोऱ्यांसारखी लोंबत होती. पाय हाताला लागले तर बर्फासारखे. टॉवेलने टिपून त्याला मुठीत धरलं, मग दिव्याखाली ठेवलं. तासाभराने ते उठून पाणी प्यायलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दव वाळून गवत हाताला कोरडं लागेपर्यंत मी पिल्लं काढत नाही.

आवाज ओळखायला शिका, घड्याळापेक्षा तो खरा असतो. खूश असलेली पिल्लं हळू आवाजात सतत पुटपुटत असतात. थंडी वाजली की आवाज तीक्ष्ण, मोठा आणि एकसुरी होतो आणि सगळी एकमेकांना बिलगतात. उकाडा झाला तर उलट गप्प होतात, चोच उघडी ठेवतात आणि पंख अंगापासून दूर धरतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून उन्हात ठेवल्यावर हे फार लवकर होतं. म्हणून पिंजरा जाळीचा हवा, त्याचा अर्धा भाग झाकलेला हवा आणि पाणी उथळ भांड्यात हवं. भांड्यात गोटे टाकले की कोणी बुडत नाही.

‘मी इथेच आहे’ या भरवशावर उघड्यावर सोडणं

घार किंवा कावळा झडप घालतो तेव्हा आपल्याला उठायलाही वेळ मिळत नाही. वरून जाळी हवीच. षटकोनी छिद्रांच्या साध्या कोंबडी-जाळीतून लहान पिल्लू सहज निसटतं आणि मांजराचा पंजाही आत पोचतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा एकमेकींना जोडलेली चौकोनी जाळी) घ्या आणि खालच्या कडेला कुठे फट राहिली नाही ना, ते हाताने चाचपून बघा.

पिल्लं परत आत घेताना वरून हात घालू नका. आभाळातून येणारं काहीही त्यांच्या लेखी शिकारीच असतं. खाली बसा, हात बाजूने न्या, तळहातावर थोडं खाद्य ठेवा.

मोठ्या कोंबड्यांच्या जागेत सोडणं

इथे थोडा जास्त विचार करा. मोठ्या कोंबड्या वावरतात त्या मातीत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवणीचे जंतू बहुधा असतातच. त्या स्वतः ठणठणीत दिसतात, कारण त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. पिल्लात ती नसते. विष्ठेतून पडलेली अंडकोशिका, म्हणजे या जंतूंची अंड्यासारखी अवस्था, ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होते. म्हणून पिल्लांसाठी वेगळी, कोरडी जागा ठेवा आणि पिंजरा रोज सरकवा. पिल्लू पिसं फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसलं, खाणं सोडलं, तर विष्ठेत रक्त दिसण्याची वाट पाहू नका. ते दर वेळी दिसतंच असं नाही. पशुवैद्यकाला दाखवा. ते अँप्रोलियम देतील तर तेवढ्या दिवसांत बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद ठेवा. हे औषध त्या जंतूंचं बी-१ तोडूनच काम करतं, टॉनिक दिलं तर त्याचा जोर कमी होतो.

मोठ्यांचं लेयर खाद्यही पिल्लांच्या चोचीला लागू देऊ नका. अंड्याच्या कवचासाठी त्यात भरपूर कॅल्शियम असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

गवत आणि किडे खायला लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच ग्रिट, म्हणजे बारीक खडे, द्यायला सुरुवात करा. चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं तयार खाद्य, पाण्यात विरघळतं, गवत विरघळत नाही. ते दळायला पोटात खडे लागतात. गवत लांब असेल तर कापून घ्या, नाहीतर त्याचा गोळा गळ्याच्या पिशवीत अडकतो. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या गवतावर पिल्लं सोडूच नका.

दिवा बंद आणि खुराड्यात मुक्काम, दोन्ही एकाच दिवशी

आधी दिवा हळूहळू कमी करत आणा, काही रात्री घरातच दिव्याविना जाऊ द्या, मगच बाहेर हलवा. खुराड्यातल्या पहिल्या काही रात्री झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन एकदा बघून या. शेजारी शेजारी पसरून झोपली असतील तर ठीक. एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर लगेच वेगळी करा आणि दिवा परत लावा, कारण ढिगाच्या तळाशी असलेली पिल्लं गुदमरतात.