सही नंतर, आधी कागद

अमेरिकेच्या पहिल्या पुढाऱ्यांची पत्रं जमवताना मी पहिल्यांदा सहीवरच भाळलो. घरी भिंग लावलं तर शाईऐवजी छपाईचे ठिपके! म्हणून कागद आधी उजेडात धरा: त्या काळच्या, चिंध्यांपासून हाताने बनवलेल्या कागदात बहुधा समांतर रेघा, जलचिन्ह (वॉटरमार्क) दिसतं. मग घडी बघा. जुन्या घडीवर नव्याने लिहिलं की शाई तिथे पसरते. रॉबर्ट स्प्रिंगने एकोणिसाव्या शतकात जुन्याच कागदावर वॉशिंग्टनच्या हस्ताक्षराच्या नकला करून विकल्या, तेव्हा नुसत्या जुन्या कागदावरही विसंबू नका. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सरकारी जमीनपट्ट्यांवर 1833पासून त्याच्याऐवजी चिटणिसाच्या सह्या येऊ लागल्या, त्याआधीचेच घ्या. सुरुवात टपालमाफीच्या सहीपासून करा. टपालखर्च लागू नये म्हणून अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य पत्त्याच्या बाजूला स्वतः सही करत, आणि ती अख्ख्या पत्रापेक्षा स्वस्त मिळते. लॅमिनेशन मात्र कधीही नको.