पिंप ओतायचे की ठेवायचे? डेंग्यूच्या घरभेटीत दारात घ्यायचे निर्णय

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी पिंपे आणि हौद भरलेले असतात. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आदेश एका ओळीचा असतो: अळी आढळल्यास भांडे रिकामे करावे. तो शब्दशः पाळला तर पाण्याची पुढची पाळी येईपर्यंत घर कोरडे पडते आणि पुढच्या भेटीत पिंप दाखवलेच जात नाही. म्हणून आरोग्य सेवक आणि आशा ताईंनी काय ओतायचे नि काय ठेवायचे हे नीट पाहून ठरवावे.

पाणी ढवळू नका. अळ्या तळाला जातात. टॉर्च तिरकी धरून थोडे थांबा. पृष्ठभागाशी उलटी लटकलेली असते ती अळी. स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो तो कोष. खरा निर्णय इथे होतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे नुसत्या लहान अळ्या असतील तर पाण्याच्या पाळीपर्यंत थांबता येते. कोष दिसला तर थांबू नका. तो काही खात नाही, टेमिफॉस (पाण्यात टाकायचे अळीनाशक) त्याला मारत नाही आणि साधारण दोन दिवसांत डास उडतो. अशा वेळी पाणी जाड फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, फडके कोरड्या जमिनीवर झटका, पिंप घासा आणि तेच पाणी परत भरा. पाणीही वाचते आणि भांडणही टळते.

टेमिफॉसच्या १ टक्का दाण्यांची मात्रा १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. पिंप अर्धे असले तरी मात्रा पूर्ण क्षमतेवर काढा, पाणी पुन्हा भरणारच आहे. अंदाजाने मूठभर टाकले की वास येतो आणि लोक ते पाणी फेकतात. पिण्याच्या पाण्यात दाणे नकोत असे घरच्यांनी म्हटले तर हट्ट धरू नका. गाळणे, घासणे आणि घट्ट कापड बांधणे यावर भागवा. कधीच रिकाम्या न होणाऱ्या, वापराच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडा.

घासणे मात्र सोडू नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी येण्याच्या दिवशी पिंप तसेही तळाला गेलेले असते, तीच घासायची वेळ. त्यामुळे वॉर्डाचे पाण्याचे वेळापत्रक खिशात ठेवा आणि भेट आदल्या दिवशी लावा. पूर्व भागात विडी कामगार बायका माल द्यायला कारखान्यात गेल्या की घराला कुलूप असते; तिथे संध्याकाळी परत जा, जमल्यास तेलुगू बोलणारी आशा सोबत घ्या. राहून गेलेले बंद घर सगळ्या गल्लीची मेहनत वाया घालवते.

सवलत साठवलेल्या पाण्यापुरतीच. टायर, कुंडीखालची थाळी, फ्रिजमागचा ट्रे तिथल्या तिथे ओता. भंगारवाले आणि बांधकामाची ठिकाणे यांना लेखी नोटीस, आणि पुन्हा अळी सापडली तर दंडाचा प्रस्ताव. इथे गयावया ऐकू नये.

धुराच्या गाडीची मागणी हमखास येते, बहुधा नगरसेवकामार्फत. रस्त्यावरचा धूर दिसतो छान, पण एडिस घरात, लटकवलेल्या कपड्यांमागे बसतो. माणसे कमी असतील तर ती रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांत पायरेथ्रम हे डासनाशक फवारायला लावा (२ टक्के अर्क १ भाग, रॉकेल १९ भाग). त्यासाठी एलायझा या रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहू नका. संशयित ताप पुरेसा आहे.

शेजारच्या दोन घरांना वेगळी वागणूक दिलीत तर कारण त्याच वेळी नोंदवा, नाहीतर ‘ओळखीच्यांना सोडले’ ही तक्रार ठरलेली. नोंद एवढीच पुरते: सिमेंट हौद, १००० लिटर, अळी आहे, कोष नाही, पाणी परवा, दाणे १०० ग्रॅम टाकले, परवा सकाळी घासायचे, त्याच संध्याकाळी पुन्हा भेट.