मळ्यातला मिलिटरी ट्रक: आधी ओळखा, मग पाना उचला

नाशिकच्या दिंडोरी रोडला मित्राच्या मळ्यात एक ट्रक वीसेक वर्षं शेवग्याच्या झाडाखाली उभा होता. मागे पाण्याची टाकी, वर निळा रंग, नाक चपटं, आणि अख्खी वस्ती त्याला नुसतं "मिलिटरी" म्हणायची. मित्राचे वडील, आबा, सांगायचे की त्यांच्या वडिलांनी तो देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतला, पण साल कोणालाच आठवत नाही. गेली दोन वर्षं आम्ही त्याच्या मागे लागलोय, त्यातनं जे कळलं ते लिहितो, म्हणजे तुमच्याकडं असं काही उभं असेल तर आमच्या चुका तरी परत होणार नाहीत.

पहिली गोष्ट, बॉडीवर अजिबात विश्वास ठेवू नका. हौदा बदलतो, फाळका बदलतो, इंजिन तर हमखास बदललेलं असतं, पण चेसिस आणि अ‍ॅक्सल बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ओळख तिथंच मिळते.

ओळखायचं कसं

गाडी धुवायच्या आधी सगळीकडून फोटो काढा, खालून सुद्धा. मग टेप घ्या आणि पुढच्या चाकाच्या सेंटरपासून मागच्या चाकाच्या सेंटरपर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी, कारण चेसिस वाकलेली असेल तर तिथंच कळतं. आमचं माप 158 इंच आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात ब्रिटिश फौजांसाठी फोर्ड आणि शेवरोलेने एकाच नमुन्याचे लाखो ट्रक बनवले, सगळे उजव्या स्टेरिंगचे, त्यातल्या तीन टनी लांब ट्रकचा व्हीलबेस हाच, आखूडचा 134 च्या आसपास. फोर्डच्या मॉडेलला एफ आणि शेवरोलेच्या मॉडेलला सी, पुढचा आकडा वजनाचा, म्हणजे एफ 60 एल म्हणजे फोर्ड, 60 हंड्रेडवेट म्हणजे तीन टन, आणि एल म्हणजे लांब. मोजताना चेसिसला कुठं वेल्डिंगचा जोड दिसतो का ते बघा, कंपनीचे रिबिट असतात, मध्येच वेल्डिंग आणि पट्टी दिसली की समजायचं कोणीतरी लांबी वाढवली आहे किंवा कापली आहे आणि तुमचं माप खोटं आहे.

केबिनची काच बघा. पुढची काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे वरची कड बाहेर आणि खालची आत, अशी असेल तर ती 13 नंबरच्या नमुन्याची केबिन, 1941 च्या शेवटानंतरची. विमानातून काचेची चमक दिसू नये म्हणून ती तशी केलेली. 11 आणि 12 नंबरच्या केबिनला काच सरळ उभी असते.

आता फोर्ड का शेवरोले? डॅशबोर्डवरची प्लेट गेलेली, नुसती रिबिटांची चार भोकं उरलेली, आणि बोनेटखाली सहा सिलेंडरचं पर्किन्स पी 6 डिझेल. त्या काळात पेट्रोल परवडत नाही म्हणून हे इंजिन कितीतरी गाड्यांत बसवलं गेलं. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी रेडिएटरने सांगितलं. वरच्या टाकीला पाण्याची दोन तोंडं होती, एकाला पाइप आणि दुसऱ्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून डाक दिलेलं. पर्किन्सला दोन तोंडं कशाला लागतील? फोर्डच्या जुन्या व्ही 8 ला, म्हणजे दोन ओळींत आठ सिलेंडरच्या इंजिनाला, दोन्ही बाजूंना वेगळे पाण्याचे पंप असतात म्हणून रेडिएटरला पण दोन तोंडं, ती शेवरोलेच्या सहा सिलेंडरला नसतात. नंतर अ‍ॅक्सलजवळ घासताना एका बोल्टच्या डोक्यावर बारीक "एफ" सापडला आणि आबांनी पेढे मागवले.

एक सांगतो, नाशिकमध्ये ज्याला "महायुद्धातली गाडी" म्हणतात ती बऱ्याचदा शक्तिमान नावाचा फौजेचा ट्रक निघते. ती जर्मनीच्या "मान" (MAN) कंपनीच्या लायसन्सवर 1959 पासून जबलपूरला बनली, आणि हाताशी मेट्रिक पाने असतील तर ते बोल्टला बरोबर बसतात, एवढ्यावरूनही अंदाज येतो. कॅनडावाल्या गाडीला इंची पाने आणि गोट्या (सॉकेट) लागतात, मेट्रिकने बळजबरी केली की बोल्टचं डोकं गोल झालंच म्हणून समजा.

रंग खरवडताना घाई नको

इथं मी माती खाल्ली. ग्राइंडरला वायर ब्रश लावून बोनेटची बाजू साफ करायला घेतली, निळा गेला, पिवळा गेला, हिरवा गेला, आणि खाली तपकिरीवर पांढरी "एल 4" अक्षरं दिसेपर्यंत पुढचे आकडे उडाले होते. ब्रिटिश पद्धतीत लॉरीच्या नंबराआधी एल असायचं. तो नंबर पूर्ण मिळाला असता तर अजून बरंच काही शोधता आलं असतं, आता बसा. तुम्ही हाताने, ओल्या पॉलिश पेपरने, एकेक थर काढा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. दरवाजाच्या बिजागराच्या मागे आणि डॅशबोर्डच्या खाली मूळ रंग नक्की टिकलेला असतो.

कागद

पैसे लावायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारून या. 2021 च्या व्हिंटेज नियमात 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, त्यांना व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून "व्हिंटेज पासिंग करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला आधी चहा पाजा आणि मग वाटेला लावा. जुनं आरसी बुक, लिलावाची पावती, जे असेल ते जपून ठेवा. इंजिन बदललंय आणि आरसीवर नोंद नाही, तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतं, त्याची परवानगी आणि नोंद लागते.

खोलायला सुरुवात

सगळ्यात आधी चाकं, कारण जीव जाऊ शकतो तो इथं. या गाड्यांची रिम दोन तुकड्यांची, नटबोल्टने एकत्र धरलेली असते. ड्रमवर चाक बसवणारे नट वेगळे आणि रिमचे दोन तुकडे धरणारे वेगळे. रिमचे हे नट टायरमध्ये हवा असताना ढिले केले तर रिम तोफेसारखी उडते. व्हॉल्व्हचा पिन काढून, आत तार घालून हवा पूर्ण गेली याची खात्री करा, मगच पाना लावा. फौजेत हे नट लाल रंगवायचे, तुम्ही पण रंगवा. पंक्चरवाला "होतंय साहेब" म्हणाला तरी त्याला हात लावू देऊ नका.

मग ब्रेक. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पाण्याने ओलं करून पुसा. व्हील सिलेंडर आतून गंजलेले असतात, लेथवाल्याकडं स्लीव्ह बसवून घेतले की नव्यासारखे चालतात. चालू इंजिनाची गाडी बिनब्रेकची फिरवायची हौस करू नका, मळ्यात उतार असतोच.

अडकलेलं इंजिन स्टार्टरने फिरवायचं नाही. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं ओता, आठ-दहा दिवस विसरून जा, मग क्रँकला लांब पाना लावून पुढेमागे थोडं थोडं. आमचं बाराव्या दिवशी सुटलं.

छोट्या गंजलेल्या पार्टसाठी मळीचं (मोलॅसिसचं) पाणी भारी काम करतं. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाच्या ड्रममध्ये दोन-तीन आठवडे. पशुखाद्यवाल्याकडं विचारा, मिळते. वास असा येतो की घरातलं कोणी जवळ येत नाही, मुंग्या मात्र येतात. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट त्यात टाकू नका, खाऊन टाकेल.

वायरिंग सगळं उपटून नवीन करा, जुन्या कापडी वायरचा मोह नको. मूळ गाडी 6 व्होल्टची, आमची डिझेल बसवताना 12 ची झालेली, ती तशीच ठेवली.

परत मूळ करायची का?

व्ही 8 शोधून बसवावं असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं. मला पटलं नाही. ते इंजिन 95 हॉर्सपॉवरचं, पेट्रोल पिणारं आणि गरम होणारं, तर पर्किन्सचे पार्ट अजून मिळतात आणि ते या गाडीत इतकी वर्षं आहे की तेच आता तिचं. म्हणून इंजिन ठेवलं, रेडिएटरचं ते डाकसुद्धा ठेवलं, केबिन आणि लाकडी हौदा मात्र जुन्या फोटोंवरून केला.

रंगाचं लक्षात ठेवा, लष्करी ऑलिव्ह ग्रीन लावायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या 121 व्या नियमाने तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. आमच्या खालच्या थरात तपकिरी निघाला होता, युद्धात काही वर्षं ब्रिटिश गाड्यांना तोच रंग असायचा, म्हणून तोच मॅच करून मारला, आणि आरसीवरच्या रंगाची नोंद बदलायला अर्ज दिला.

टाकी उतरवली तेव्हा भंगारवाला दोनदा येऊन गेला. आबांनी ती विहिरीजवळ चौथऱ्यावर ठेवून घेतली, ठिबकला पाणी तिच्यातूनच जातं. तिला रंग लावू दिला नाही, अजून निळीच आहे.