आजाराने परत उचल खाल्ली? आराम करताना आणि स्वतःशी बोलताना या चुका टाळा

बरेच महिने सगळं सुरळीत चाललेलं असतं, गोळ्या वेळेवर, रिपोर्ट बरे, आपण आजारी आहोत हेसुद्धा मधूनमधून विसरायला होतं, आणि मग एक दिवस सकाळी उठताना कळतं की हे परत आलंय. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे सांधे सुजवणारा एक संधिवात आहे, त्यामुळे माझ्याकडे ते बोटांतून येतं. या वेळी टूथपेस्टच्या झाकणापासून सुरुवात झाली. चिमटीत धरलं, फिरवायला गेले तर बोटं वळेचनात. दुसऱ्या हाताने करून बघितलं, तेच. नळ चालू, हातात बंद ट्यूब आणि मी तशीच उभी. दुखत होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की परत पहिल्यापासून सगळं?

लुपस असो, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जासंस्थेचा आजार) असो, कोलायटिस, फायब्रोमायल्जिया, दमा, नावं वेगळी पण हा क्षण सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डॉक्टर याला फ्लेअर म्हणतात, कुठे रिलॅप्स म्हणतात. अशा वेळी सगळे सांगतात आराम कर, पण आराम करायचा म्हणजे नक्की काय करायचं आणि पडल्यापडल्या जे विचारांचं मोहोळ उठतं त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. माझ्या आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या हातून झालेल्या चुका इथे लिहितेय.

दुखणं अंगावर काढणं

आपल्याकडे याचं फार कौतुक होतं, "ताप होता तरी एक सुट्टी नाही घेतली बघा." लांबणीच्या आजारात हे कौतुक महाग पडतं. सुरुवातीचे दोनतीन दिवस आपण फ्लेअर मान्यच करत नाही, झोप झाली नसेल, हवा बदलली असेल असं म्हणत रेटत राहतो, आणि जे कदाचित लवकर आटोक्यात आलं असतं ते लांबत जातं.

आणि काही आजारांत शरीर बिल लगेच देत नाही. एमई/सीएफएस म्हणजे क्रॉनिक फटिग सिंड्रोम, आरामानेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार, त्यात श्रमाचा फटका बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी बसतो. म्हणजे सोमवारी आपण खुशीत सगळं आवरतो, मंगळवारीही ठीक वाटतं आणि बुधवारी उठवत नाही, मग आपण बुधवारचं कारण बुधवारीच शोधत बसतो. पूर्वी या पेशंटना ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत न्या असं सांगायचे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नका असं स्पष्ट केलं आणि त्याऐवजी आपल्याकडे जेवढी शक्ती आहे त्याच्या आत राहून कामं करण्यावर भर दिला. ज्यांना वर्षानुवर्षं "थोडा जोर लावा, होईल" असं ऐकावं लागलं त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

माझ्यासाठी एकच गोष्ट कामी आली, दमल्यावर नाही तर दमायच्या आधी थांबायचं. मोबाईलवर २० मिनिटांचा टायमर, तो वाजला की हातातलं काम अर्धं असलं तरी बसायचं. अर्धं टाकून बसणं जिवावर येतं, पण तेच तर शिकायचंय.

प्रत्येक त्रासाला फ्लेअर समजणं, किंवा खऱ्या धोक्यालाही "नेहमीचंच" म्हणणं

दोन्ही होतं. एमएसमध्ये अंग तापलं की, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर किंवा व्यायामानंतर, जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. तो नवीन झटका नसतो, अंग थंड झालं की ओसरतं. युरिन इन्फेक्शननेही असंच होऊ शकतं, तेव्हा आधी इन्फेक्शनची ट्रीटमेंट लागते.

उलट माझ्यासारख्यांचा एकच सांधा बाकीच्यांपेक्षा खूप सुजला, लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला, तर तो फ्लेअर म्हणून घरी बसू नका, सांध्यात इन्फेक्शन असू शकतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. श्वास लागणं, छातीत दुखणं, अचानक हातापायातली ताकद जाणं, यात आरामाचा प्रश्नच येत नाही, सरळ हॉस्पिटल.

औषधांत आपलं डोकं चालवणं

वैतागून औषध बंद करणं आणि घाबरून दुप्पट घेणं, दोन्ही वाईट. स्टिरॉइड बरेच आठवडे चालू असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल हे गरजेचं हार्मोन बनवणं कमी केलेलं असतं, एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करायचं. मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आर्थ्रायटिससाठी आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतलं तर गंभीर विषबाधा होते. फ्लेअरमध्ये डोकं धुकटलेलं असतं, "घेतली का आज?" हे आठवत नाही, त्यामुळे वारांचे कप्पे असलेला डबा बरे असतानाच भरून ठेवा.

आडवं होणं म्हणजेच आराम असं धरणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा केलीये. दुपारभर पडून होते आणि संध्याकाळी उठले तर सकाळपेक्षा गळून गेलेले. कारण शरीर गादीवर, पण हातात फोन, अंगठा चालू, डोक्यात राहिलेल्या कामांची यादी, मधेच कोणाचे तरी फिरायला गेल्याचे फोटो आणि मग "सगळ्यांचं आयुष्य चाललंय, आपलंच अडलंय". याला आराम कसा म्हणायचा? आता मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, पडदा ओढते आणि अर्धा तास काहीच करत नाही, झोप आली तर ठीक नाही आली तरी ठीक. पहिले काही दिवस त्या अर्ध्या तासाने जीव नकोसा होतो हे आधीच सांगते. चौथ्या-पाचव्या दिवशी मला पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, तो इतके दिवस चालूच होता.

दुसरं टोक म्हणजे पूर्णच अंथरूण धरणं. सांध्यांच्या सुजेत सकाळचा ताठरपणा हालचालीने कमी होतो, नुसतं पडून वाढतो, आणि पडून राहिलं की स्नायू फार पटकन ताकद गमावतात. दुखऱ्या सांध्यावर जोर न देता पलंगावरच बोटं उघडझाप, घोटे फिरवणं, एवढं पुरतं. किती हे मात्र आजारावर आहे, एमई/सीएफएसवाल्यांना माझं माप लागू नाही, आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारून ठरवा.

चिंतनाच्या नावाखाली स्वतःची उलटतपासणी

इथे मला जरा थांबायचंय, कारण शरीराचा आराम कसाही जमवता येतो पण ही चूक आतल्या आत पोखरते आणि बाहेरून ती शहाणपणासारखी दिसते.

मागच्या मोठ्या फ्लेअरमध्ये मी ठरवलं की आता वेळ आहे तर अंतर्मुख होऊया, वही घेतली आणि वर लिहिलं "हे का झालं". खाली कारणं लिहीत गेले. रात्री जागरण केलं. चिडचिड केली. ऑफिसमध्ये नाही म्हणता आलं नाही. व्यायाम दोन आठवडे चुकवला. फार विचार करते. दीड पान भरलं आणि मला वाटलं वा, किती प्रामाणिक आहे मी स्वतःशी. ताई भेटायला आली होती, तिने वही बघितली, शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाली, "अगं, यात आजाराचं नाव कुठंय? सगळीकडे तूच आहेस." मी परत वाचलं. खरंच, दीड पानात एकदाही नव्हतं की मला एक असा आजार आहे ज्यात माझीच प्रतिकारशक्ती माझ्या सांध्यांवर उलटते आणि तो कधीकधी काहीही कारण नसताना उसळतो.

त्या दिवसापासून मी "का" ने सुरू होणारा प्रश्न फ्लेअरमध्ये घेत नाही. ट्रिगर शोधायचे नाहीत असं नाही, जरूर शोधावेत, पण ते बरं वाटल्यावर, तारखा आणि नोंदी समोर ठेवून, डॉक्टरांशी बोलून. अंगात सूज असताना काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा आपल्याच विरोधात असतो. याला शारीरिक कारणही आहे. सूज वाढते तेव्हा शरीरात सायटोकाइन नावाची रसायनं वाढतात आणि ती मेंदूलाही "पडून राहा, कोणात मिसळू नको" असा इशारा देतात. फ्लूमध्ये जसं कोणाशी बोलावंसं वाटत नाही तसंच. म्हणजे फ्लेअरमध्ये जी उदासी येते, सगळं निरर्थक वाटतं, त्यातला काही भाग हा आजारच बोलत असतो, आणि आपण समजतो की आपल्याला आयुष्याचं सत्य कळलं.

म्हणून नोकरी सोडू का, लग्न मोडू का, ट्रीटमेंट बंद करू का असले निर्णय त्या दिवसांत घेऊ नका. कागदावर लिहा, तारीख घाला, बरं वाटल्यावर उघडा. माझ्या तीन कागदांपैकी दोन नंतर मलाच ओळखीचे वाटले नाहीत, तिसरा खरा निघाला आणि तो मी अमलात आणला. पण ही उदासी दोन आठवड्यांच्या वर रोज टिकली किंवा जगणंच नको असं वाटायला लागलं तर कागद पुरणार नाही, लगेच कोणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, तोही याच आजाराच्या ट्रीटमेंटचा भाग आहे.

मग चिंतन करायचं तरी कसं? माझे प्रश्न आता साधे आहेत, आत्ता सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय, आज कुठली गोष्ट सोडली तर चालेल, मला कोणाची आठवण येतेय. लिहिण्याचा फायदा होतो यावर अभ्यासही झालाय, १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दमा आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पेशंटना सलग तीन दिवस २०-२० मिनिटं आयुष्यातल्या ताणाच्या प्रसंगांबद्दल लिहायला लावलं आणि चार महिन्यांनी त्यांची तब्येत साध्या विषयांवर लिहिणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा बरी दिसली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फायदा दिसला नाही, तेव्हा औषधाच्या जागी वही धरू नका. आणि लिहिल्यावर लगेच हलकं वाटेलच असं नाही, बऱ्याचदा जड वाटतं, म्हणून वेळ बांधून घ्यायची आणि झोपायच्या आधी तर अजिबात नाही.

ध्यानाला पेनकिलर समजणं

डोळे मिटायचे आणि दर दोन मिनिटांनी तपासायचं, कमी झालं का? मीही तेच करायचे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे सजगपणे बघण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यात दुखणं घालवण्यापेक्षा त्याच्याकडे नीट बघण्यावर भर होता. मनगटात ठणका आहे, बरं, कुठपर्यंत आहे, कोपरापर्यंत जातो का? नाही, मध्येच थांबतो. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की माझा बराचसा हात दुखत नाहीये. फार त्रास असेल तर मात्र शरीरावर लक्ष नेऊच नका, बाहेरचा एखादा आवाज धरा.

"मी ठीक आहे" म्हणत राहणं

घरच्यांना ओळखता येत नाही हो, विशेषतः ज्या आजारात बाहेरून काही दिसत नाही. "मदत कर" असं मोघम न म्हणता "ही बाटली उघडून दे", "गुरुवारी सोबत ये" असं नेमकं सांगा.

पहिल्या बऱ्या दिवशी सगळं भरून काढणं

हा दिवस येतो तेव्हा इतका आनंद होतो की तुंबलेलं सगळं आजच उरकू असं वाटतं, आणि बरेच जण इथेच परत पडतात. मी आता पहिल्या बऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मंच करते, दुसऱ्या दिवशीही तेवढंच, आणि तिसऱ्या दिवशी शरीर काय म्हणतंय ते बघून मग पुढचं. परवा कपाटाचा एक कप्पा आवरायला घेतला होता, टायमर वाजला तेव्हा निम्मे कपडे बाहेर होते. ते तसेच खुर्चीवर ठेवले, दार लोटलं आणि जाऊन पडले.